पुन्हा पुन्हा मऊ होणारं पेडल : तीन कागद आणि एक बातमी

१६ मार्च २०१० रोजी अमेरिकन होंडा कंपनीने एक निवेदन काढलं. २००७ आणि २००८ या मॉडेल वर्षांच्या सुमारे ३ लाख ४४ हजार ओडिसी आणि ६८ हजार एलिमेंट गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावत असल्याचं त्यात जाहीर केलं होतं. कारण होतं ब्रेकचं पेडल. काही गाड्यांमध्ये काही काळाने पेडल मऊ लागतं, गाडी थांबवायला ते नेहमीपेक्षा जास्त खाली, फ्लोअरच्या दिशेने दाबावं लागतं, आणि लक्ष दिलं नाही तर हा दोष वाढत जाऊन ब्रेकच्या ताकदीवर परिणाम होऊ शकतो, असं कंपनीने लिहून दिलं.

ही तक्रार जळगाव-धुळ्याच्या कुठल्याही गॅरेजला नवी नाही. ‘ब्रेक खाली जातोय’, ‘दोन पंप मारल्यावर लागतो’, ‘परवाच एअर काढली, पुन्हा तसंच झालं.’ गाडी येते, एअर काढली जाते, पेडल घट्ट होतं, पैसे दिले जातात. काही आठवड्यांनी तीच गाडी तीच तक्रार घेऊन परत येते. मधल्या काळात नेमकं काय घडलं हे कुठेच नोंदलेलं नसतं.

म्हणून २०१० सालचे हे परदेशी कागद मला मोलाचे वाटतात. त्या गाड्या आपल्या रस्त्यांवर दिसत नाहीत, हे खरं. पण अमेरिकेत सुरक्षेला बाधक दोष लक्षात आला की उत्पादकाला पाच कामकाजाच्या दिवसांत सरकारी यंत्रणेला लेखी कळवावं लागतं, त्यामुळे एरवी गॅरेजच्या फरशीवर पुसली जाणारी हकीकत तिथे कागदावर उतरली. कुठल्या गाड्या, कुठल्या वर्षांच्या, लक्षण काय, कारण काय, उपाय काय, हे सगळं तारखेसह मिळतं. एवढी साधनं हाताशी असली की पेडल परत परत मऊ का होतं, याचा माग नीट लावता येतो.

आधी यंत्रणा थोडक्यात. पायाचा दाब पेडलमधून मास्टर सिलिंडरच्या पिस्टनवर येतो. पिस्टन ब्रेक ऑइल पुढे ढकलतो, ते पाइपांतून चारही चाकांकडे जातं आणि पुढच्या कॅलिपरमधले पॅड व मागच्या ड्रममधले लायनर दाबले जातात. द्रव दाबला जात नाही, म्हणून पायाची हालचाल जशीच्या तशी चाकापर्यंत पोचते. हवा मात्र दाबली जाते. मास्टर सिलिंडरचा पिस्टन मुळात फार थोडाच सरकतो, म्हणून लहानसा बुडबुडासुद्धा त्याची बरीचशी हालचाल खाऊन टाकतो. पेडल मऊ लागतं ते यामुळे. ऑइल कुठून तरी निसटलं किंवा रबरी हौज पाइप दाबाखाली फुगला, तरी पायाला जवळपास तेच जाणवतं.

आता मार्चच्या कागदाकडे वळू. त्यात दोष लायनरचा नव्हता, मास्टर सिलिंडरचाही नव्हता. दोष होता गाडी घसरू नये म्हणून बसवलेल्या व्हीएसए नावाच्या यंत्रणेच्या मॉड्युलेटरमध्ये. हा धातूचा ठोकळा असतो. त्यात व्हॉल्व्ह असतात, एक छोटा पंप आणि त्याची मोटर असते, आणि चाकांकडे जाणारे ब्रेकचे पाइप त्यातूनच जातात. गाडी चालू केली की ही यंत्रणा स्वतःची चाचणी घेते. कंपनीने दिलेल्या कारणानुसार या चाचणीच्या वेळी थोडीशी हवा आत खेचली जाऊ शकत होती. एका वेळी अगदी नगण्य. पण महिने किंवा वर्षं गेली की ती साठत जाऊन पेडलला जाणवण्याइतकी होत असे.

ऑइल बाहेर गळत नव्हतं, फक्त हवा आत येत होती, हेही तेव्हा कंपनीने स्पष्ट केलं. निदानाच्या दृष्टीने सगळा भर मी याच वाक्यावर देईन. कारण आपली पहिली नजर नेहमी ओल शोधते: चाकाच्या आतल्या बाजूला, पाइपच्या जोडावर, पेडलच्या वर बूस्टरपाशी. ओल नाही आणि मास्टर सिलिंडरवरच्या बाटलीतलं ऑइलही उतरलेलं नाही, म्हणजे बाहेरची गळती नाही, हे अनुमान बरोबरच आहे. पण त्यापुढे जाऊन ‘दोषच नाही, फक्त एअर होती’ असं म्हटलं की चूक होते. एअर आली कुठून, हा प्रश्न तसाच राहतो.

कागदातली वर्षंही बोलतात. २००७ मॉडेलच्या पहिल्या गाड्या आदल्या वर्षीच्या शेवटी विक्रीला आल्या असणार, आणि निवेदन निघालं २०१० च्या मार्चमध्ये. म्हणजे सर्वांत जुन्या गाड्या तोवर तीन वर्षांहून जास्त काळ रस्त्यावर होत्या. ताबडतोब दिसणारा दोष असता तर तो पहिल्या वर्षातच वर आला असता. दुसरी गोष्ट कारखान्यांची. ओडिसी अलाबामा राज्यातल्या लिंकनला तयार होत होती आणि एलिमेंट ओहायोतल्या ईस्ट लिबर्टीला. दोन वेगळे कारखाने, गाडीचे दोन वेगळे प्रकार, चालवणारेही वेगळे. तरी लक्षण एकच. तेव्हा जोडणी करणाऱ्या कामगाराकडे किंवा चालवणाऱ्याच्या सवयीकडे बोट दाखवता येत नाही. दोघांत समान असलेल्या सुट्या भागाकडेच जावं लागतं. कागदात कारण दिलं नसतं तरी या दोन नोंदींवरून शोध बराच जवळ आला असता, असं माझं मत आहे.

उपायही छोटा होता. मॉड्युलेटरवरची लहान छिद्रं प्लास्टिकची टोपणं आणि सीलंट लावून बुजवायची. ही छिद्रं उघडी असताना कोणी कितीही काळजीने एअर काढली असती तरी पेडल काही काळापुरतंच घट्ट झालं असतं, कारण पुढच्या खेपेला चावी फिरली की हवेचा नवा बुडबुडा आत येणारच. आपल्याकडच्या ‘परत तसंच झालं’ या तक्रारीचं उत्तर इथे आहे. एअर काढल्याने साठलेली हवा जाते, हवा येण्याची वाट बंद होत नाही.

दुसरा आणि तिसरा कागद त्याच वर्षीच्या ऑक्टोबरचे. २१ ऑक्टोबर २०१० रोजी टोयोटाने जगभरातल्या सुमारे १५ लाख ३० हजार गाड्या परत बोलावल्याची बातमी आली. त्यातल्या काही इंधनपंपासाठी होत्या, पण अमेरिकेतल्या सुमारे ७ लाख ४० हजार गाड्या मास्टर सिलिंडरच्या रबरी सीलसाठी होत्या. अॅव्हलॉन, हायलँडर आणि लेक्ससच्या काही गाड्या त्यात होत्या. कारण असं दिलं होतं की गाडीत मूळच्याऐवजी काही विशिष्ट प्रकारचं ब्रेक ऑइल भरलं गेलं तर मास्टर सिलिंडरच्या टोकाचं रबरी सील कोरडं पडून त्याची कड मुडपू शकते. मग तिथून ऑइल हळूहळू झिरपतं. ऑइल भरलं नाही तर आधी ब्रेकचा इशारा देणारा दिवा लागतो, आणि तरीही गाडी तशीच चालवली तर पेडल मऊ होऊ लागतं.

पाठोपाठ होंडानेही याच प्रकारच्या कारणासाठी जगभरातल्या सुमारे ५ लाख २८ हजार गाड्या बोलावल्या. त्यात २००५ ते २००७ या वर्षांच्या ओडिसी होत्या.

इथे थोडं थांबायला हवं. २००७ ची ओडिसी मार्चच्या यादीत आहे आणि ऑक्टोबरच्याही. एकाच गाडीच्या एकाच मॉडेल वर्षासाठी, एकाच सालात, ब्रेकच्या दोन वेगळ्या दोषांवरून दोन वेगळी निवेदनं निघाली. दोन्हींत पेडल मऊ होणार. पण पहिल्यात हवा आत येते, ऑइल बाहेर जात नाही आणि दिवा लागण्याचं कारण नसतं. दुसऱ्यात ऑइल बाहेर जातं, बाटली उतरते, दिवा लागतो. फक्त पायाच्या अनुभवावर विसंबणाऱ्याला या दोन गाड्या सारख्याच वाटतील. बाटलीतली पातळी आणि तारीख लिहून ठेवणाऱ्याला त्या पहिल्याच महिन्यात वेगळ्या दिसतील.

रबरी सीलचा प्रश्न जुना आहे. माल्कम लॉकहीड यांनी द्रवाने चालणाऱ्या ब्रेकचं पेटंट १९१७ साली मिळवलं. क्रायस्लरने १९२४ च्या आपल्या गाडीत ही पद्धत घेतली तेव्हा गळती रोखण्यासाठी चामड्याच्या वाट्यांच्या जागी रबरी वाट्या आणल्या. आपले मेकॅनिक ज्याला मास्टरचं किट म्हणतात, त्यातली मुख्य वस्तू तीच. शंभर वर्षांनंतरही ब्रेकची सगळी मदार नखाएवढ्या रबराच्या कडेवर आहे. त्या रबराला चुकीचं ऑइल लागलं तर काय होतं, ते ऑक्टोबरच्या कागदांनी लाखो गाड्यांच्या हिशेबाने दाखवून दिलं. सुट्या बाटलीतलं, कधी उघडलं ते माहीत नसलेलं ब्रेक ऑइल भरून घेताना हे आठवावं.

आता खानदेशाकडे. जळगावहून धुळ्याला जाणारा रस्ता पाळधी, एरंडोल, पारोळा करत जातो. जुना राष्ट्रीय महामार्ग ६, आताचा ५३. बराचसा सरळ आणि सपाट. अशा रस्त्यावर जोराचा ब्रेक क्वचित लागतो, त्यामुळे पेडल रोज थोडंथोडं खाली जात असलं तरी पायाला कळत नाही. पाय सवय करून घेतो. कळतं ते घाटात. कन्नडच्या घाटातून चाळीसगावकडे उतरताना, किंवा सेंधव्याकडून बिजासन घाट उतरून शिरपूरच्या हद्दीत येताना, ब्रेक एकसारखा लागतो आणि जे महिनाभर लपून होतं ते पाच मिनिटांत उघडं पडतं.

उन्हाचाही वाटा आहे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ३ प्रतीचं कोरडं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये अशी अट आहे, पण ओलावा मुरल्यावर ही मर्यादा १४० वर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. जळगाव-भुसावळात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तिथून निघून लादलेल्या गाडीने घाट उतरायचा, आणि ऑइल चार-पाच वर्षं बदललेलं नाही. कॅलिपरपाशी ऑइल उकळून वाफ झाली की पेडल एकदम मऊ. गाडी तासभर उभी राहिली की वाफ निवते, पेडल पूर्वीसारखं घट्ट. दुसऱ्या दिवशी गॅरेजात दाखवायला नेली तर काहीच सापडत नाही. मालक म्हणतो होतं, मेकॅनिक म्हणतो नाही, आणि दोघेही खरंच बोलत असतात.

४ जुलै २०२३ ची बातमी इथे आणावी लागते. त्या दिवशी सकाळी पावणेअकराच्या सुमारास मध्य प्रदेशाकडून धुळ्याकडे येणारा एक अवजड कंटेनर मुंबई-आग्रा महामार्गावर शिरपूर तालुक्यातल्या पळासनेरजवळ अनियंत्रित झाला. त्याने दोन मोटारसायकली, एक कार आणि दुसऱ्या एका कंटेनरला मागून धडक दिली, आणि बसथांब्याजवळच्या हॉटेलात घुसून उलटला. पहिल्या दिवशीच्या बातम्यांत किमान १० मृत्यू नोंदले गेले. त्यांत बसची वाट पाहत उभी असलेली माणसंही होती. कारण म्हणून सगळीकडे एकच शब्द छापला गेला : ब्रेक निकामी. अवजड वाहनाचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, कारच्या ब्रेकसारखे ऑइलवर नव्हे. तेव्हा या दुर्घटनेवरून कारच्या पेडलबद्दल काही सिद्ध करू नये. पण ‘ब्रेक निकामी’ हा शब्द कारण सांगत नाही, परिणाम सांगतो. ब्रेकचा कुठला भाग, कशाने, किती दिवसांपासून बिघडत होता, हे कळलं तरच पुढची गाडी वाचते. बसथांब्यावर उभ्या असलेल्या माणसांना तरी तेवढं उत्तर देणं लागतोच.

धुळ्याला कागदाचं महत्त्व वेगळं सांगायची गरज नसावी. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगावचे दप्तरखाने धुंडाळून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड काढले. १९२६ साली ते धुळ्यातच वारले, आणि त्यांनी जमवलेलं दप्तर तिथल्या संशोधन मंडळाने जपलं. अस्सल कागद, त्याची तारीख आणि त्यावरून निघेल तेवढंच अनुमान, ही शिस्त त्यांनी घालून दिली. गाडीच्या फाईलला ती लावायला काहीच हरकत नाही.

आपल्या गाडीच्या फाईलीत सहसा काय असतं? सर्व्हिसची जॉबकार्डं, काही कच्ची बिलं, सुट्या भागांच्या पावत्या, पीयूसीच्या चिठ्ठ्या. ब्रेकसंबंधी बिलावर बहुधा ‘ब्रेक ऑइल’ आणि ‘ब्रेक काम मजुरी’ एवढंच लिहिलेलं. तरी तारीख असते, आणि नशीब असेल तर किलोमीटर. अशी चार बिलं तारखेने ओळीत मांडली तरी बरंच कळतं. दोन खेपांमधलं अंतर काही दिवसांचं असेल तर बाहेरची गळती किंवा एअर काढायची निपल सैल राहिली आहे का ते आधी पाहावं. अंतर महिन्यांचं असेल, ऑइल उतरत नसेल आणि गाडीला एबीएस (ब्रेक मारताना चाक अडकू न देणारी, असाच मॉड्युलेटर असलेली यंत्रणा) असेल, तर मॉड्युलेटरवर संशय घ्यावा. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, त्यामुळे हा संशय आता घरोघरी लागू आहे. मॉड्युलेटरमध्ये अडकलेली हवा नुसत्या पायाने पंप मारून पुष्कळदा निघत नाही. स्कॅनर लावून त्याचे व्हॉल्व्ह आणि पंप चालवावे लागतात. तक्रार फक्त घाटात आणि उन्हाळ्यात येत असेल तर ऑइलचं वय पाहावं. खडबडीत रस्त्यावरून आल्यावर पहिलाच ब्रेक खाली जातो आणि दुसरा लगेच लागतो, असं असेल तर डिस्क लहरत असेल किंवा चाकाच्या बेअरिंगमध्ये खेळ असेल, त्यामुळे पॅड मागे ढकलले जातात. तिथे एअर काढून काहीच हाती लागत नाही.

सर्वांत फसवा प्रकार मास्टर सिलिंडरच्या आतल्या गळतीचा. ऑइल बाहेर येत नाही. ते रबरी वाटीच्या कडेवरून मागे सरकून पुन्हा बाटलीतच जातं, म्हणून पातळी जिथल्या तिथे. याची परीक्षा सोपी आहे. इंजिन चालू ठेवून, गाडी सपाट जागी उभी करून, पेडल हलक्या पण सलग दाबाने धरून ठेवायचं. ते हळूहळू खाली बसत गेलं तर संशय पक्का करायला दुसरी पायरी आहे. चारही रबरी हौज पाइप त्यासाठीच्या गुळगुळीत क्लॅम्पने बंद करायचे आणि पुन्हा पेडल दाबायचं. आता चाकांचा संबंध तुटला आहे. पेडल दगडासारखं झालं तर मास्टर ठीक आहे, दोष चाकांकडे आहे. मग एकेक क्लॅम्प सोडत जायचं. ज्या चाकाचा क्लॅम्प सोडल्यावर पेडल पुन्हा खाली गेलं, ते चाक उघडायचं. चारही बंद असताना पेडल बसतच राहिलं, तर दोष मास्टर किंवा मॉड्युलेटरमध्ये. पकडीने पाइप कधीही दाबू नये, आतला थर तुटतो आणि नवा दोष तयार होतो.

या परीक्षेला फार वेळ लागत नाही, आणि ती एअर काढण्याच्या आधीच करायची असते. एअर काढली की पुरावा गेला. शिवाय जुन्या गाडीत एअर काढताना पेडल पार फ्लोअरला टेकवण्याची सवय घातक ठरते. मास्टर सिलिंडरचा पुढचा भाग रोजच्या वापरात येत नाही, तिथे गंज आणि गाळ साचलेला असतो. पेडल पूर्ण दाबलं की रबरी वाटी त्या भागावरून घासत जाते आणि तिची कड कातरते. गाडी मऊ पेडल घेऊन आली होती, ती दुरुस्त होऊन गेली आणि आठवड्याभरात आतल्या गळतीने परत आली, असं यातून घडतं. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवून हालचाल मर्यादित केली तर हे टळतं.

कॅलिपर बदलून आल्यानंतर पेडल मऊ झालं असेल तर आणखी एक गोष्ट नुसत्या नजरेने पाहता येते. निपल कॅलिपरच्या वरच्या टोकाला आहे ना? डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला तर निपल खाली येते, आणि हवा तर वरच राहते. मग कितीही ऑइल ओतलं तरी पेडल घट्ट होत नाही.

वाचकांना आणि गॅरेजवाल्यांना एकच विनंती आहे. पुढच्या वेळी ब्रेकचं काम होईल तेव्हा बिलावर चार ओळी जास्त लिहून घ्या : तारीख आणि किलोमीटर, काम सुरू करण्यापूर्वी बाटलीतली पातळी, कुठल्या चाकातून हवा निघाली, आणि कुठल्या प्रतीचं ऑइल भरलं. दुसऱ्यांदा पेडल मऊ झालं तर ते बिल बरोबर न्या आणि एअर काढण्याआधी दाखवा. तिसऱ्यांदा झालं तर एअर काढू देऊ नका, कारण सापडेपर्यंत गाडी घाटात नेऊ नका.